दीड फूट पाणी

उन्हाळा मला आवडत नाही. लोकांना मोगरा आवडतो, आंबा आवडतो, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास आवडतो. आवडो बापडा. मार्च संपत आला की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते, ती जूनमध्ये कधीतरी थांबते. पडदे ओढून बसलं तरी ऊन फटीतून आत येतं. कूलरमधला वाळा दोन दिवसांत कुजका वास मारायला लागतो. समोरच्या रस्त्यानं उन्हाळ कांद्याच्या गाड्या बाजार समितीकडे जातात आणि मागे टरफलं उधळत जातात. ती वाऱ्यानं आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. मी रोज झाडते, ती रोज येतात.

काल अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. सिन्नरच्या पूर्वेला, जिकडे पाऊस वाट चुकून गेला तरच जातो, तिकडे त्यांचं गाव आहे. खांद्याला तीच खाकी पिशवी, पिशवीत गावरान लसूण आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वाळक्या मिरच्या. सासूबाई होत्या तोवर दोघं टँकरच्या पाण्यावर तिकडेच उन्हाळा काढायची. त्या गेल्यापासून विहीर आटली की अण्णा आमच्याकडे येतात आणि पाऊस लागला की परत जातात. तेव्हा विहिरीचा तळ दिसला की आठवडाभरात आमच्या दाराची बेल वाजणार, हे मी धरूनच चालते.

मी काही वाईट सून नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचल्यावर तुम्हाला वेगळं वाटेल. त्यांचं पथ्य, त्यांची गोळी, भाकरी चुरून वर गरम दूध, सगळं वेळच्या वेळी होतं. पण ते आल्याचा मला आनंद होत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापासून तर अजिबातच होत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक मासा होता.

त्या वर्षी लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिचं अभ्यासाचं टेबल रिकामं झालं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. या घरात पडद्याचा रंग कोणता, फ्रीज कुठे ठेवायचा, गणपतीत कुणाला बोलवायचं, सगळ्यात माझं मत विचारलं जायचं आणि मग दुसरंच काहीतरी व्हायचं. मी शाळेत शिकवते. साठ-साठ मुलांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प बसवते. घरी मात्र पंख्याचा वेगसुद्धा सतीश ठरवतो. सतीश माझा नवरा. टेबल रिकामं झालं तेव्हा मी कुणालाच न विचारता दीड फुटाची काचेची टाकी आणली, खाली बारीक वाळू, दोन पाणवनस्पती आणि एक मासा. मनाशी पक्कं ठरवलं की हे दीड फूट पाणी माझं. यात माझ्याशिवाय कुणाचं काही चालणार नाही.

मासा बेट्टा जातीचा होता. दुकानात त्याला फायटर म्हणतात. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात म्हणून हे नाव. एरवी तो इतका सुस्त आणि ऐटबाज असतो की लढाईशी त्याचा काही संबंध असेल असं वाटत नाही. माझा निळा होता, कडेला लालसर. शेपटी आणि पंख त्याच्या अंगाहून मोठे. नऊवारीचा घोळ सावरत एखादी बाई पाण्यातून चालावी तसा तो सावकाश फिरायचा. हे असलं ओझं घेऊन धारेत पोहता येत नाही, हे कुणालाही नुसतं बघून कळावं. दुकानदाराला कळलं नाही. त्यानं मला टाकीच्या दुप्पट ताकदीचा फिल्टर दिला. "मॅडम, मोठाच घ्या, पाणी एकदम काचेसारखं राहील." पाणी राहिलं काचेसारखं. त्या पाण्यात मासा मात्र वाऱ्यात सापडलेल्या पतंगासारखा गरगरत होता.

पहिले दोन दिवस मला वाटलं, खेळतोय. तिसऱ्या दिवशी तो फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे धार पोचत नव्हती तिथे, पंख मिटून चिकटून बसला. खायला टाकलं की निघायचा. दाणा धारेत भिरभिरत जायचा, त्याच्या मागे हा, आणि तोंड उघडेपर्यंत धार दोघांना दोन दिशांना फेकायची. शेपटीच्या टोकाला चिरा पडल्या. मग मी वाचलं, विचारलं, आणि कळलं की या माशाचे पूर्वज भाताच्या शेतात, गुडघाभर साचलेल्या पाण्यात राहणारे. त्याला पाणी स्वच्छ लागतं, पण निवांत लागतं. शिवाय तो पाण्यातल्या हवेवर भागवत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन बाहेरच्या हवेचा घोट घेतो. धारेनं पाण्याचा पृष्ठभाग खवळलेला असेल तर त्याला हा घोटसुद्धा धड घेता येत नाही. म्हणजे मी त्याला पाण्यात ठेवून गुदमरवत होते.

तेव्हापासून मी त्या धारेच्या मागे लागले. फिल्टरच्या डोक्यावर एक खुंटी होती, ती फिरवून धार कमीत कमी केली. तरी जास्त होती. मग तोंड काचेकडे वळवलं, म्हणजे धार काचेवर आपटून फुटेल आणि तिचा जोर मोडेल. त्यानं बराच फरक पडला. मग भांडी घासायचा नवा स्पंज, साबण न लागलेला, कापून मधोमध भोक पाडून त्या तोंडावर बसवला. पाणी आता स्पंजातून झिरपून बाहेर पडू लागलं. धारेसमोर एक वनस्पती आडवी लावली. सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाचं वाळकं पान धुऊन पाण्यावर सोडलं. रविवारी सकाळी चहा घेऊन टेबलापाशी गेले तर त्या पानाखाली बारीक बुडबुड्यांचा एक पुंजका. नर सुखात असला की तोंडानं एक एक बुडबुडा सोडून असं घरटं बांधतो. मी चहा गार होईपर्यंत तिथे उभी होते. तेवीस वर्षांत या घरात मी सांगितलं आणि ते जसंच्या तसं झालं, असं हे पहिलंच.

रंगपंचमी झाली आणि अण्णा आले.

आल्या दिवशी ते हातपाय धुऊन, पाणी पिऊन टाकीसमोर जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं वाकून आत बघितलं. मग म्हणाले, "काय गं मनीषा, ह्या मासोळीचं पाणी कोनी तोडलं?"

पाणी तोडणं हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडून कसा निघतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. भावानं भावाचं पाणी तोडलं म्हणून पिढ्या न् पिढ्या बोलचाल बंद असलेली घरं त्यांच्या गावात आहेत. मी म्हटलं, "तोडलं नाही अण्णा, कमी केलंय. त्याला जोराची धार सोसत नाही."

"पान्याचा जोर कोनाला सोसत नाय?" अण्णा म्हणाले. "फायटर हाय ना त्यो? मंग लढू दे की."

मी हसले, कारण तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुंटी पूर्ण उघडी होती, स्पंज धुऊन ओट्यावर वाळत घातला होता आणि बुडबुड्यांचं घरटं कुठे गेलं ते सांगायला नको. मासा कोपऱ्यात. अण्णा खुर्ची टाकून समोर बसलेले, खूश. "बघ कसा मेहनत करतोय," ते म्हणाले. "पैलवान होईल दोन म्हयन्यात."

मी खुंटी बंद केली, स्पंज बसवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी चिठ्ठी लावली. पाचव्या दिवशी चिठ्ठी होती तिथेच होती आणि खुंटी उघडी होती.

हे लोक पाण्यापुढे आंधळे असतात, असं माझं तेव्हा मत झालं, आणि आजही फारसं बदललेलं नाही. पाणी दिसलं की यांना जोर लागतो. घरात मोटर किती अश्वशक्तीची यावर यांची इभ्रत. बोअरला पाणी लागलं की आधी फवारा किती उंच गेला ते सांगणार, पाणी किती दिवस टिकलं ते नंतर. आमच्या नाशकात रंगपंचमीला दगडी हौद रंगीत पाण्यानं भरतात, रहाड म्हणतात त्याला. त्यात नीट उतरणाऱ्याला कुणी विचारत नाही, धप्पकन उडी मारून काठावरच्यांना भिजवणारा खरा. अण्णा दाढी करताना नळ पूर्ण सोडून ठेवायचे. दाढी होईपर्यंत पाणी धो धो वाहायचं आणि ते आरशात बघत ते ऐकत असायचे. उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे लावणारा माणूस शहरात आल्यावर हात आखडेल असं तुम्हाला वाटेल. उलट असतं. ज्याला आयुष्यभर वाटीनं मिळालं त्याला बादली उपडी करायची हौस असते.

माझं माहेर मखमलाबादच्या बाजूचं. वडील गुलाब आणि शेवंती लावायचे, सकाळी टोपल्या भरून फुलबाजारात पाठवायचे. मळ्याला पाटाचं पाणी. पाट भरून चालला तरी आवाज नाही. हात घातला तरच कळायचं की ते चाललंय. पाणी कमी पडेल ही भीती मी कधी बघितली नाही. एकदा अण्णा मला तसं बोलूनही गेले, "तुम्ही पाटाखालची मानसं. तुम्हाला पान्याचं काय." ते मला झोंबलं. माझ्या बापाच्या घरी पाणी होतं हा काय माझा गुन्हा?

सतीशला सांगून बघितलं. तो म्हणाला, "अगं, म्हातारा माणूस आहे, विरंगुळा आहे त्याला." वडिलांना जाऊन म्हणाला, "अण्णा, तिची टाकी आहे, तिला विचारत चला." म्हणजे दोघांचं मन राखलं आणि पाण्याची धार होती तिथेच राहिली. सतीश अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासतो. तिथे म्हणे त्याची नजर फार कडक आहे.

एप्रिल लागला. शाळेत वार्षिक परीक्षा सुरू झाल्या. वर्गात पर्यवेक्षण करताना पंखे घरघर करायचे, मुलांच्या पाठीला शर्ट चिकटलेले असायचे, आणि माझं अर्धं डोकं त्या खुंटीवर. घरी गेल्यावर काय दिसणार याच्या विचारानं मला रिक्षातच घाम फुटायचा. माशाची शेपटी एव्हाना कडेनं फाटून झिरझिरीत झाली होती. एका दुपारी मी आले तेव्हा अण्णांचा हात खुंटीवरच होता. मी धावत जाऊन त्यांच्या हाताखालून हात घातला. त्यांनी सोडलं नाही, मीही सोडलं नाही. सासरा आणि सून, एक सत्त्याहत्तरचा, एक सत्तेचाळीसची, बोटभर खुंटीवरून झटापट करत होतो. मोडली ती. उघडी असतानाच मोडली, आणि फिल्टर पूर्ण ताकदीवर अडकून बसला.

मग मी बोलले. जे साठलं होतं ते सगळं बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच कारण सांगितलं.

"बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वढ्याचा डोह आटत चालला व्हता," ते म्हणाले. "वरून धार बंद. आत मासे. आधी गोल गोल फिरले. मंग एकेक वर यायला लागला, तोंड भाईर काढून हवा घ्यायला लागला. आसं." त्यांनी स्वतःचं तोंड उघडून, मिटून दाखवलं. "मासा हवा घ्यायला लागला का त्यो ग्येला, मनीषा. मी बघेल हाय. कावळे काठावर बसेल व्हते. ह्यो तुझा दिवसभर तेच करतोय, आनि तू पानी तोडून बसली."

मी कळवळायला हवं होतं का? कदाचित. आज लिहिताना तो डोह मला दिसतो, त्या वेळी दिसला नाही. त्या वेळी मला फक्त इतकं दिसलं की हा माणूस पन्नास वर्षांपूर्वीचे मासे माझ्या टाकीत वाचवायला निघालाय आणि माझा जिवंत मासा मारतोय. मी म्हटलं, "अण्णा, हा त्यातला नाही. याला वरची हवा लागतेच. वर येऊन घोट घेतला नाही तर हा मरेल. शांत पाणी आणि वरची हवा, एवढंच लागतं याला."

"हवा खानारा मासा?" अण्णा म्हणाले. "मंग त्याला दांडीवर बसव चिमनीवानी."

या वाक्यानं माझा तोल गेला. मी त्यांच्यासमोर बोट नाचवून म्हटलं, "आजपासून या टाकीला हात लावायचा नाही. फिल्टरला नाही, पाण्याला नाही, बटणाला नाही. काहीही झालं तरी नाही. पुन्हा हात लावलात तर मी तुम्हाला स्टँडवर सोडून येईन, मग विहिरीत पाणी असो नसो." अण्णांचा चेहरा एकदम कोरा झाला. एवढं मोठ्यानं या घरात त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. ते म्हणाले, "बरं." आणि गॅलरीत जाऊन बसले. मी भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हात लावू नये. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री मला छान झोप लागली.

नवा फिल्टर आणायला हवा होता. आणला नाही. परीक्षा होत्या, ऊन होतं, हे सगळं खरं, पण मुख्य कारण माझी खुमखुमी. खुंटीशिवाय मी धार मोडून दाखवणार होते. सटाण्याकडून आलेली डाळिंबं फळवाला पांढऱ्या फोमच्या जाळीत घालून देतो. त्या जाळ्या मी जपून ठेवलेल्या होत्या. दोन जाळ्या एकात एक घालून फिल्टरच्या खालच्या खाचांवर, जिथून तो पाणी आत ओढतो तिथे, मोज्यासारख्या चढवल्या आणि शिवणाच्या दोऱ्यानं बांधल्या. वरच्या तोंडावर स्पंजाचे दोन थर. ओढही कमी, धारही कमी. दुसऱ्या दिवशी बदामाच्या पानाखाली पाच-सात बुडबुडे दिसले. आठवड्यानं त्याच्या फाटक्या शेपटीच्या कडेला कोवळा पारदर्शक पदर फुटला. मी सतीशला हाताला धरून नेऊन दाखवला. अण्णांना दाखवला नाही. ते त्या आठवड्यात टाकीकडे बघायचे ते लांबून, हात पाठीमागे बांधून. मी मनात म्हणायचे, आता कसं.

तो दिवस पेपर तपासायचा होता. शिक्षक-खोलीत आम्ही सगळ्या टेबलाभोवती, मध्ये गठ्ठे, लाल पेनं, कुणाच्या तरी डब्यातल्या कैरीच्या लोणच्याचा वास. फोन आवाज बंद करून बाजूला ठेवलेला. अकराच्या सुमारास उजेड पडला. अण्णा. मी विचार केला, आता काय नवीन. गोळी सापडत नसेल, नाहीतर दूधवाला आला असेल. उचलला नाही. अर्ध्या तासानं पुन्हा अण्णा. मी फोन पालथा घातला. शेजारची बाई म्हणाली, "घ्या ना, घरचा दिसतोय." मी म्हटलं, "म्हणूनच नाही घेत." आम्ही दोघी हसलो. तिसरा फोन केव्हा येऊन गेला ते मला निघतानाच कळलं.

साडेपाचला घरी पोचले. अण्णा टाकीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. कूलर बंद होता, बनियन घामानं ओली. ते म्हणाले, "आली का. बघ बरं लवकर."

फोमची जाळी पाण्यावर तरंगत होती. फोम तरंगणारच, हे आठवीतल्या पोरालाही कळतं. ती मी एका दोऱ्यावर बांधून ठेवली होती आणि माझीच गाठ सुटली होती. खालच्या खाचा उघड्या, फिल्टर पूर्ण ओढीवर, आणि मासा त्या खाचांना आडवा चिकटलेला. शेपटी आत ओढली गेलेली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, खाली, तळाशी, हवेपासून वीतभर लांब.

मी चिकटपट्टी ओरबाडून बटण बंद केलं. मासा सुटला आणि वाळूवर आडवा झाला. कल्ला दोनदा हलला. मी हातानं उचलून त्याला वर, पाण्याच्या काठाशी धरलं. त्यानं घोट घेतला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आकरा वाजल्यापासून."

"अहो मग नुसतं बघत काय बसलात? बटण तरी बंद करायचं!"

"तू म्हनली व्हती, बटनाला नाय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "काहीबी झालं तरी नाय म्हनली. लिव्हून ठेवेल हाय. मी तीनदा फोन केला तुला. मंग सतीशला केला. त्यो बोलला, मनीषाला इचारा." त्यांनी माझ्या ओंजळीकडे बघितलं. "वर येता येत नव्हतं त्याला. तूच सांगेल व्हतं, याला वरची हवा लागती. मी समदं ध्यानात ठेवेल व्हतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुठेतरी जिंकल्याची खूण शोधत होते. ओठाच्या कोपऱ्यात, डोळ्यांत, कुठेही. ती सापडली असती तर मला आयुष्यभर पुरली असती. सहा तास एक माणूस खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, एक जीव जाताना बघतो. तो आज्ञाधारक असतो की सूड घेत असतो? मला सापडलं नाही. म्हातारे डोळे लाल झाले होते, पण ते उन्हानंही होतात.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता हात लावू का?"

मी म्हटलं, "लावा."

त्यांनी माझ्या ओंजळीतून मासा घेतला आणि जिना उतरून खाली गेले. बदामाच्या झाडाखाली बोटानं माती उकरताना मला गॅलरीतून दिसले. सतीश आला, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना, मासाच होता." त्या वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. अण्णांना माफ करायचं की नाही हा प्रश्न मला सोडवता येत नाही, कारण नेमकं कशाबद्दल, तेच ठरत नाही. मी सांगितलं तेच त्यांनी केलं. या घरात माझा शब्द अक्षरशः पाळणारा तो एकमेव माणूस निघाला. स्वतःबद्दल मी फार विचार करत नाही. केला की पालथा घातलेला फोन आठवतो आणि मी उठून काहीतरी कामाला लागते.

टाकी माळ्यावर गेली. टेबलावर आता वह्यांचे गठ्ठे असतात.

पण तो उन्हाळा गेला नाही. दर वर्षी अण्णांबरोबर पिशवीत घालून येतो. कारण त्या दिवसापासून अण्णा आमच्या घरात विचारल्याशिवाय पाण्याला हात लावत नाहीत. सकाळी तोंड धुताना, जेवल्यावर हात धुताना, अंघोळीला बसताना, "मनीषा, नळ सोडू का?" पहिल्या वर्षी मला वाटलं, महिनाभरात विसरतील. विसरले नाहीत. पाहुणे असले तरी विचारतात. गेल्या वर्षी माझी नणंद आली होती, तिच्यासमोर विचारलं. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती अजून मला जेवताना आठवते. आता गावभर झालं असेल की नाशिकची सून म्हाताऱ्याला पाणी मोजून देते. मी त्यांना हात जोडून सांगितलं, "अण्णा, असं विचारत जाऊ नका, घर तुमचंच आहे." ते म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं.

त्या "बरं"ची मला आता भीती वाटते. एकदा मी ओरडले, एकदा रडले, एकदा मुद्दाम सगळे नळ उघडून ठेवले. त्यांनी एकेक करून बंद केले. तेही विचारून केले.

आज सकाळी सहाला पालिकेचं पाणी आलं. वरची टाकी भरल्याचा आवाज आला, खाली कुणीतरी गाडी धुवायला घेतली. मी स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक भिजवत होते. तोंड ओलं करायला अण्णांचं एकदा विचारून झालं होतं. आता न्हाणीघरातून पुन्हा हाक आली, "मनीषा, नळ सोडू का?"

मी उत्तर दिलं नाही. डोक्यात सणक गेली, दुसरं काही नाही. म्हटलं बघू, किती वेळ थांबतात. सत्तरी ओलांडलेला, ऐंशीला टेकलेला माणूस, समोर नळ, नळाला पाणी. सोडेल झक मारत. कणीक मळून झाली. तिला तेलाचा हात लावला, झाकून ठेवली, हात पुसले. आतून काहीच आवाज नव्हता. मी दबक्या पावलांनी गेले. दार अर्धं उघडं होतं. अण्णा बेसिनपुढे वाकून उभे होते, तोंडाला लावलेला साबण कानापर्यंत वाळून पांढरा पडला होता, डोळे घट्ट मिटलेले. साबण डोळ्यांत जात असणार. हात नळापासून बोटभर लांब थांबलेला होता.

मी दारातूनच म्हटलं, "सोडा, अण्णा."

त्यांनी चाचपडत तोटी धरली आणि अगदी हलकी फिरवली. करंगळीएवढी धार पडायला लागली, आवाज न करणारी. तिच्यावर वाकून त्यांनी दोन्ही हातांनी हळूहळू डोळे धुतले. मग तोटी बंद केली आणि न बघताच विचारलं, "लय तर नाय ना सोडली?"